सॅलच्या तोंडचा ससा

रविवार, ७ नोव्हेंबर १९५४

थॉर्नक्लफच्या फेरेटवाल्यांनो! गेल्या वर्षी या डोंगरावर ससे होते आणि तुमच्या खिशात जाळी होती. आज डोंगर रिकामा आहे. रोगाने ससे मारले, शेतकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आता जो तो आपल्याला विचारतो, ससेच उरले नाहीत तर हे लांबुडकं, वासाडं जनावर पाळता कशाला? मी उलट विचारतो, माग बंद पडला म्हणून विणकराला कालव्यात बुडवतात काय? ज्याने जन्मभर बिळात शिरून तुमच्या ताटात ससा आणला, त्याचं काम गेलं म्हणून त्याला पोत्यात घालता?

भाषण इथवर झालं आहे. गुरुवारी पबच्या मागच्या खोलीत करायचं आहे. पुढचं सुचत नाही.

जेब हॉयलला शुक्रवारी पुरला. चाळीस वर्षं आम्ही शेजारशेजारच्या मागांवर उभे होतो. त्याच्या छातीत गिरणीचा कापूस साठला होता, डॉक्टर काहीही म्हणोत. शेवटच्या आठवड्यात त्याने एकच मागणं केलं. "सॅलला पोत्यात जाऊ देऊ नकोस, इनॉक." मी शब्द दिला.

सॅल आता आमच्या धुण्याच्या खोलीत आहे. पाच वर्षांची फेरेट मादी, मुंगसासारखी सडपातळ, सायीच्या रंगाची, हातभर लांब. जेबला तिचा मोठा अभिमान. "पिल्लू होती तेव्हापासून सशाशिवाय कशाचा वास तिच्या नाकाला लागू दिलेला नाही," असं तो सांगायचा. आमच्या गावात फेरेटवाल्यांचे दोन पंथ, फक्त ससा खाऊ घालणारे ससेवाले आणि दूधपाव घालणारे दूधपाववाले. ससेवाल्यांचा जेब मुखिया होता. दूधपाववाल्यांचा मुखिया माझा धाकटा भाऊ एमोस. त्याच्याविषयी या वहीत लिहिणार नाही.

माझी बायको हेटी सॅलकडे बघून म्हणाली, "हिला खायला काय घालणार? भाषण?"

शनिवार, १३ नोव्हेंबर

भाषण केलं. टाळ्या पडल्या. परतताना कालव्यावर पाहिलं तर एक पोतं तरंगत होतं.

दरीच्या पार वरच्या टोकाला विधवा क्रॉशॉबाईचं शेत आहे. तिथे रोग अजून पोचलेला नाही. दर शनिवारी बस धरून जातो आणि एक-दोन ससे आणतो. एक सॅलला आठवडाभर पुरतो, उरला तो टांगून ठेवतो. पण तिथेही रोग येणारच, मी काही मूर्ख नाही. म्हणून आज ससे पाळणाऱ्या मिसेस पिकल्सकडून दोन माद्या आणि एक नर घेतला. घरात ससे वाढवून फेरेटला घालायचे. ज्या सशांना धरून देणं हे सॅलचं काम होतं, ते आता आम्ही धरून तिला द्यायचे. हसा लेको. कामगाराच्या म्हातारपणाची सोय अशीच व्हायला हवी, हे मी तीस वर्षं सांगत आलो.

गिरणीतल्या सुताच्या कांड्यांच्या खोक्यांची तीन खुराडी केली. मिसेस पिकल्सने बजावलं, "यांची नावं ठेवू नका." हेटीने संध्याकाळच्या चहापर्यंत तिघांची नावं ठेवली होती. मी ती लिहिणार नाही.

रविवार, १४ नोव्हेंबर

नराला काळ्या मादीच्या खुराड्यात सोडलं. मी विचार केला, पाहुणा तिच्या घरी गेला की तिला संकोच होणार नाही. तिने त्याचा कान फाडला आणि पोटावर लाथा घातल्या. बाहेर काढताना माझ्या मनगटालाही चावली.

मिसेस पिकल्स आली, बघितलं, आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली. "इनॉक ग्रिमशॉ, एवढी पुस्तकं वाचलीस, एवढं ठाऊक नाही? पोरीला सासरी पाठवायचं असतं. घरजावई ठेवलास की मार खाणारच तो."

नर बरा व्हायला दोन आठवडे. सशाची मादी महिनाभर गाभण राहते. मग पिल्लं नऊ आठवड्यांची व्हायला हवीत. म्हणजे मार्च उजाडणार. सगळं माझ्या एका चुकीमुळे.

सोमवार, २९ नोव्हेंबर

काळीला सासरी पाठवलं. अर्ध्या मिनिटात काम झालं, नर बाजूला कोसळला. हेटी खिडकीतून म्हणाली, "तुझ्या भाषणांनी याच्यापासून काही शिकावं."

पांढरी मादी मात्र कोपऱ्यात बसून राहिली.

रविवार, १२ डिसेंबर

काल वरच्या शेतावर गेलो. कुंपणालगत सात ससे बसले होते. पळाले नाहीत. डोळे सुजून मिटलेले, कानांच्या मुळाशी गाठी. क्रॉशॉबाई म्हणाली, "सोमवारपासून असेच आहेत. मला आता स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघवत नाही."

मी त्यांना हात लावला नाही. हा रोग पिसवांवर बसून प्रवास करतो. एक पिसू कोटावर बसून घरी आली तर आमचे तिघेही गेले. बसमध्ये उभाच राहिलो, कोणाला टेकलो नाही. घरी आलो तो अंगणातच सगळे कपडे उतरवून उकळत्या पाण्यात टाकले. शेजारची टॅटरसॉलबाई भिंतीवरून बघत होती.

हेटी तिला म्हणाली, "घाबरू नकोस गं, क्रांती सुरू झालीय."

धुण्याच्या खोलीत थंडीत टांगलेले तीन ससे शिल्लक आहेत. जपून घातले तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरतील. त्यानंतर मार्चपर्यंत काय?

गुरुवार, ३० डिसेंबर

सात पिल्लं! काळीने छातीवरची लोकर उपटून पेटीत गादी केली आणि त्या गादीत सात गुलाबी बोटं ठेवली. मी तासाभरात तीनदा झाकण उघडलं. हेटीने चौथ्यांदा हातावर चापट मारली.

बुधवार, ५ जानेवारी १९५५

शेवटचा ससा काल संपला.

आज सॅलपुढे बैलाचं काळीज ठेवलं. हुंगलंही नाही. कोंबडीची मान ठेवली, तिच्यावरून चालत गेली. अंडं ढकलून कोपऱ्यात नेलं आणि तिथेच सोडलं. दूधपाव मी ठेवला नाही. जेबच्या जनावराला मी त्याच्या शत्रूचा घास घालणार नाही.

माझं मत पक्कं आहे. भूक हीच खरी शिक्षक. बत्तीसच्या संपात मी गिरणीच्या फाटकावर हेच सांगितलं होतं: भूक आपल्याला शिकवील, आपण कोण आहोत ते. पोटात आग पडली की कुठलाही जीव जुनी सवय सोडतो. दोन दिवस थांबायचं.

शनिवार, ८ जानेवारी

तिला हेटीच्या पिठाच्या तराजूत घातलं. आली तेव्हा सव्वीस औंस होती, आज एकवीस. मागचे पाय लटपटतात. काळीज अजून तसंच पडलं आहे, बाजूने काळं पडू लागलं आहे.

हेटी म्हणाली, "ती हट्ट करत नाहीये, इनॉक. ते खाणं आहे हेच तिला कळत नाहीये."

मी म्हणालो, "कळेल."

"कधी? पुरल्यावर?"

रविवार, ९ जानेवारी

एकोणीस औंस. जेबला दिलेला शब्द.

बुधवार, १२ जानेवारी

खाल्लं! सकाळी काळजाचा ताजा तुकडा ठेवून गिरणीत गेलो होतो. परत आलो तर वाटी चाटूनपुसून लख्ख. सॅल माझ्या बाहीत शिरली आणि बोट चावलं. हेटीला विचारलं, "काय खाल्लं तिने?"

"वाटीत होतं ते."

पाहा! सात दिवस लागले, पण भुकेने शिकवलं. मला आजवर कोणी एवढं सरळ उदाहरण दिलं नव्हतं.

गुरुवार, २० जानेवारी

सॅल तेवीस औंस. ती माझ्यासमोर खात नाही, संध्याकाळी मी सभेला गेलो की खाते. लाजाळू झाली असावी.

काळीच्या पेटीतली लोकर कमी झाली आहे. ओलं गवतही कोणीतरी काढलं आहे. हेटी म्हणते, साफसफाई. पिल्लांच्या अंगाखालची लोकर काढून कसली साफसफाई? मी रागावलो. ती शिट्टी वाजवत बटाटे सोलत बसली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिला शिट्टी वाजवता येते हे मला ठाऊक नव्हतं.

गुरुवार, ३ फेब्रुवारी

पबच्या मागच्या खोलीत, आमच्या फेरेट क्लबात सॅलची हकीगत सांगितली. म्हणालो, "मित्रांनो, ससे गेले म्हणून फेरेटला मारू नका. त्याला चार दिवस उपाशी ठेवा. भूक शिकवते!" चाळीस माणसं होती. तोफेसारखा बोललो. माझ्या आवाजात अजून दम आहे.

मागून आमचा शेजारी विल्फ टॅटरसॉल म्हणाला, "इनॉक, तुझ्या घरची भूक स्वयंपाक झकास करते रे!" सगळे खो खो हसले. मला विनोद कळला नाही.

सोमवार, १४ फेब्रुवारी

क्लबातल्या बर्ट शॉचा फेरेट नर मेला. पाच दिवस उपाशी ठेवला होता. बर्ट गिरणीत माझ्या मागाजवळ आला. काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. मागांच्या आवाजात तसंही काही ऐकू आलं नसतं, पण आम्हा विणकरांना ओठ वाचता येतात. त्याने ओठही हलवले नाहीत.

तो नर आधीच आजारी असणार. किंवा बर्टने पाणी ठेवलं नसेल. सॅल शिकली ना? मग त्याचा नर का नाही शिकला?

रविवार, ६ मार्च

पिल्लं नऊ आठवड्यांची झाली. मारायला योग्य. पण आज पाऊस होता.

रविवार, १३ मार्च

अजून थोडं वजन भरू दे. शिवाय सॅल नीट खाते आहे, घाई कशाला?

रविवार, २० मार्च

एकाला बाहेर काढलं. राखाडी, डाव्या कानावर पांढरा ठिपका. मांडीवर घेतलं. वीस मिनिटं बसलो. परत ठेवलं. हात गारठले होते. मारणं अर्धवट झालं तर जनावराचे हाल होतात, म्हणून.

मी माणसांना चौदा आठवडे संपावर ठेवलं आहे. पोलिसांच्या घोड्यासमोर उभा राहिलो आहे. हे मी कोणाला सांगतो आहे?

गुरुवार, २४ मार्च

सगळं जसं झालं तसं लिहितो.

युनियनची सभा रद्द झाली. सेक्रेटरीला पडसं. पाच वाजता घरी आलो. मागच्या दाराने अंगणात पाऊल टाकलं तर पालथ्या बादलीवर एमोस बसलेला. माझा भाऊ. तो वजडीच्या कारखान्यात जनावरांची पोटं-आतडी धुतो; तिथला कातडी एप्रन अजून अंगावर. सॅल त्याच्या सदऱ्यात, नुसतं डोकं बाहेर. हेटी वाटीत काहीतरी कालवत होती. बावीस वर्षांत तो माझ्या अंगणात आला नव्हता. बत्तीसच्या संपात तिसऱ्या आठवड्यात तो कामावर गेला. चारऐवजी सहा मागांवर, ज्याच्याविरुद्धच तो संप होता. त्या दिवसापासून गाव त्याला फितूर म्हणतं. ते नाव मी दिलं होतं.

मी म्हणालो, "खाली ठेव तिला."

"बावीस वर्षांनी तोंड उघडलंस, आणि काय तर खाली ठेव," एमोस म्हणाला. "कसा आहेस विचार निदान."

"हेटी, हा इथे काय करतोय?"

"तुझा शब्द पाळतोय," हेटी म्हणाली. "तू पाळत नव्हतास म्हणून."

मग कळलं. दहा जानेवारीला हेटी वजडीच्या कारखान्याच्या मागच्या दारी गेली. एमोस रोज संध्याकाळी बैलाची फुप्फुसं आणत होता. बारीक चिरायची, काळीच्या पेटीतल्या लोकरीत आणि ओल्या गवतात घोळायची, सशाच्या वासाने माखायची. पहिल्या दिवशी सॅलच्या दातांना बोटाने लावली. तिने चाटली. मग रोज लोकर चिमूटभर कमी. आता फुप्फुसं नुसती खाते. सकाळी मी ठेवलेलं काळीज हेटी मांजराला घालत होती.

"मुद्दाम सभेच्या वेळी येत होतास," मी म्हणालो.

"मग काय तुझ्या भाषणाच्या वेळी येऊ? एवढा वेळ कुणाला आहे?"

विल्फला ठाऊक होतं. टॅटरसॉलबाईला भिंतीवरून दिसत होतं. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मी म्हणालो, माझं चुकलं नाही, भूक शिकवतेच, फक्त थोडा वेळ—

एमोस उठला. सॅलला हेटीकडे दिलं. आवाज चढवला नाही. "बत्तीस साली फाटकावर तू हेच म्हणालास. मी पुढच्याच रांगेत होतो. टाळ्याही वाजवल्या. घरी गेलो तर माझ्या एल्सीच्या अंगावर दूध नव्हतं. पोर रडायचंसुद्धा थांबलं होतं. तू सांग, इनॉक, त्याला काय शिकायचं होतं?"

माझ्याकडे उत्तर होतं. बावीस वर्षं तयार ठेवलेलं उत्तर. एक माणूस आत गेला की दहा जातात, संप म्हणजे भिंत, भिंतीतली एक वीट. पाठ आहे. तोंडापर्यंत आलं आणि डोळ्यांसमोर बर्ट शॉ उभा राहिला, ओठ न हलवता.

एमोसने खुराड्यांकडे नजर टाकली. "सातच्या सात आहेत की. हे बाराव्या आठवड्यात आले. एकही कमी कसा नाही?"

मी खुराड्याची लागलेली कडी पुन्हा लावली.

"तुझ्याच्याने होत नाही," तो म्हणाला. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २५ मार्च

चार मागांपैकी दोहोंवर धागा तुटला आणि मला दिसला नाही. ओव्हरसीअरने विचारलं, बरं नाही का. एमोसचं ते पोर जगलं, म्हणजे आपला रेजी, आता कॉव्हेंट्रीत गाड्या बनवतो. मी त्याला रस्त्यात पाहिलं आहे, ओळख दिली नाही. तो फितुराचा मुलगा होता.

संपावरून माझं मत आजही बदललेलं नाही. संप बरोबर होता. पण उपाशी पोराला धडा शिकवता येतो असं मी म्हणालो, ते बरोबर नव्हतं. या दोन गोष्टी एकाच खोलीत कशा ठेवायच्या? दिवसभर इकडून तिकडे हलवतो आहे.

शनिवार, २६ मार्च

वजडीच्या कारखान्याच्या मागच्या दारी गेलो. तीनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो, मग गेलो. म्हणालो, "उद्या ये. मला ससा मारायला शिकव."

एमोस म्हणाला, "सॅलला आता त्याची गरज नाही. फुप्फुसं खाते ती."

"मला आहे. मी ते पाळले कशासाठी? आणि जेबने आयुष्यभर तिला जे दिलं, ते एकदा तरी माझ्या हातून तिला मिळायला हवं."

त्याने हात पुसले. "चर्च सुटल्यावर येतो. हेटीला सांग, बटाट्याची पाई केली असेल तर खाऊन जाईन."

रविवार, २७ मार्च

झालं. एमोसने माझ्या हातांवर हात ठेवून जागा दाखवली. मागचे पाय इथे, डोकं असं, एकच झटका, मधे थांबायचं नाही. "थांबणं हेच क्रूरपण," म्हणाला. मग हात काढून घेतला. मी केलं. राखाडी, डाव्या कानावर ठिपका. आवाज फार लहान होता.

सॅल लोकरीसकट खाऊ लागली, आठवडाभर पुरवून खाईल. मी बघत बसलो. आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. हात मात्र दिवसभर वेगळे वाटत होते.

मग तिघे जेवायला बसलो. हेटीने एकदा त्याला आणि एकदा मला लाल कोबीचं लोणचं वाढलं. जाताना तो म्हणाला, "बर्टकडे अजून एक मादी आहे. तीसुद्धा ससेवाली. टांगलेले ससे संपले, दुसरं काही खात नाही. क्लबात आणखी दोघांकडे तशाच आहेत. तू सांगितलंस म्हणून उपाशी ठेवल्यात."

मी विचारलं, "तू त्यांना का सांगत नाहीस?"

"मी? माझ्या हातचं कोण घेणार?"

बुधवार, ३० मार्च

उद्याच्या सभेसाठी. तीनदा फाडून पुन्हा लिहिलं. असंच वाचून दाखवायचं, वरून एक शब्दही घालायचा नाही.

फेरेटवाल्यांनो! फेब्रुवारीत मी या खोलीत म्हणालो, भूक शिकवते. ते खोटं होतं. बर्ट शॉ, तुझा नर माझ्या भाषणाने मेला. मी तुझी माफी मागतो, इथे, चाळीस माणसांपुढे, कारण चुकीचं बोललो तेही चाळीस माणसांपुढेच.

सॅल भुकेने जगली नाही. जो तिच्या नाकाला ओळखीचा होता तो वास नव्या घासाला लावला गेला, रोज थोडा कमी करत, म्हणून ती जगली. हे मला सुचलं नाही. हे माझ्या बायकोने केलं आणि एमोस ग्रिमशॉने केलं. तुमच्या घरी आज जी जनावरं उपाशी आहेत, त्यांच्याकडे आठवडाभराचा वेळ नाही. म्हणून माझं भाषण इथेच संपतं आणि तुमचं काम सुरू होतं. आत्ता, या खोलीतून उठून, डबा घेऊन वजडीच्या कारखान्याच्या मागच्या दारी चला. दिवा लागलेला असेल. फुप्फुसं कापून तयार असतील. सशाची लोकर पोतंभर मी घेऊन येतो. दार वाजवा आणि माझ्या भावाला त्याच्या नावाने हाक मारा. एमोस म्हणा. मोठ्याने म्हणा. मी पहिला म्हणतो.